दवाखान्याचं बिल, उधारी आणि कायदा: पार्श्वभूमी

आजारपणात दागिने गहाण टाकणं किंवा सावकाराकडे जाणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. रुग्णाला कायद्याचा आधार मिळू लागला तो बराच उशिरा. पहिला ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा (आता त्याच्या जागी 2019 चा कायदा आहे), पण डॉक्टरची सेवा त्यात बसते का, यावर 1995 पर्यंत वाद चालला. त्या वर्षी व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते. दाद मागायला दार उघडलं, पण निकाल लागेपर्यंत बिल भरायचं कुठून, हा प्रश्न तसाच राहिला.

महाराष्ट्रात त्यावर खरा हात घातला तो धर्मादाय, म्हणजे विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या, रुग्णालयांच्या योजनेनं. अशा रुग्णालयांवर गरिबांच्या उपचारांची जबाबदारी टाकणाऱ्या, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41 कक चा आधार आधीपासून होता, पण अंमलबजावणी फारशी नव्हती. 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं योजना ठरवून दिली: 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, हेही त्यात आलं. योजना चांगलीच आहे. पण सवलत मिळवायला, पेशंट आयसीयूत असताना मुलानं रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयाचा समाजसेवा विभाग शोधत फिरायचं, ही अट जीवघेणी आहे. आधी उपचार, मग कागद, असं व्हायला हवं होतं.

बिलापायी पेशंटला अडवून ठेवणं बेकायदेशीर आहे, हे मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं. रुग्णालयानं वसुलीसाठी कायदेशीर मार्ग धरावा, माणूस ओलीस धरू नये. त्याच वर्षी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं रुग्णहक्कांची सनद मांडली. डिस्चार्जचा आणि मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क तिच्यात आहे. कोविडच्या लाटेत, मे 2020 मध्ये, राज्यानं खाजगी रुग्णालयांचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डसाठी दिवसाला 4000 रुपये, व्हेंटिलेटरसह आयसीयूसाठी 9000. दर बांधता येतात, हे तेव्हा दिसलं. 2021 च्या शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नियमांत दरपत्रक दर्शनी भागात लावणं आलं, दरांवर मर्यादा मात्र आली नाही.

हप्त्यांचं काय? बिल हप्त्यानं भरू देण्याची सक्ती रुग्णालयावर नाही. काउंटरवर जो ‘ईएमआय’ सुचवला जातो, तो बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं कर्ज असतो. रुग्णालयाला पैसे लगेच मिळतात, आणि कुटुंब रुग्ण म्हणून नव्हे तर कर्जदार म्हणून उरतं. तिथून पुढे आधार रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा. वसुली एजंटनं सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, हे 2022 मध्ये तिनं बजावलं. मात्र बिलातल्या एखाद्या रकमेवर वाद असला, तरी हप्ता ठरल्या तारखेला कापला जातोच.