भिन्नार्थी समरूप शब्द (युरोपीय भाषांतील)

भिन्नार्थी समरूप शब्द : दोन किंवा अधिक भाषांत सारखे किंवा जवळजवळ सारखे लिहिले जाणारे, पण अर्थाने एकमेकांपासून लांब गेलेले शब्द. मराठी माणसाला हा प्रकार परका नाही. हिंदीत ‘शिक्षा’ घ्यायला मूल शाळेत जाते, मराठीत ‘शिक्षा’ झाली की तेच मूल बाकावर उभे राहते. हिंदीतला ‘संसार’ म्हणजे अवघे जग, आपला संसार दोन खोल्यांतही मावतो. युरोपात लॅटिन शब्दांचा वारसा आणि रोमन लिपी बऱ्याच भाषांना समाईक असल्याने असे शब्द पावलोपावली भेटतात. फ्रेंचमध्ये त्यांना ‘फोझामी’, म्हणजे खोटे मित्र, म्हणतात. केस्लर आणि देरोकिन्यी या दोघांनी १९२८ मध्ये इंग्रजी-फ्रेंच शब्दांवर लिहिलेल्या पुस्तकाने हे नाव रूढ केले. नाव चटकदार असले तरी थोडे अन्यायाचे आहे. यांतले पुष्कळसे शब्द खोटे नसून एकाच घरातून वेगळे निघालेले भाऊ आहेत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘गिफ्ट’. इंग्रजीत तो भेटवस्तू, जर्मनमध्ये विष. दोन्हींचे मूळ ‘देणे’ या एकाच धातूत आहे आणि जुन्या जर्मनमध्येही ‘गिफ्ट’ म्हणजे देणेच होते. मग त्यात विष आले कुठून? ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’ म्हणत. त्याचा शब्दशः अर्थ ‘देणे’. (डॉक्टर देतात तो डोस हाच, आणि संस्कृत ‘दा’ धातूमुळे आपले ‘दान’ही त्याच्याच नात्यातले.) लॅटिनमधून हा शब्द जर्मन वैद्यकात पोचला, तेव्हा ‘गिफ्ट’ला त्याचा अर्थ चिकटला. दिलेली मात्रा, मग घातक मात्रा, मग नुसते विष, अशी ही उतरण आहे. जुना अर्थ मात्र पुरता मेला नाही. वधूबरोबर माहेरून येणाऱ्या धनाला जर्मन भाषेत अजूनही ‘मिटगिफ्ट’ म्हणतात. स्वीडिशमध्ये तर ‘गिफ्ट’ म्हणजे विषही आणि विवाहितही! त्यावर विनोद पुष्कळ होतात, पण खरे कारण साधे आहे : मुलगी ‘दिली’ जाई. ‘पोरगी कुठे दिली?’ असे विचारणाऱ्या आणि कन्यादान जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

स्लाव्ह भाषांत हे शब्द विशेष दाट आहेत, कारण त्या भाषा एकमेकींपासून तुलनेने उशिरा वेगळ्या झाल्या. प्राग शहरातल्या बेकरीत पावाजवळ ‘चेर्स्तवी’ अशी पाटी दिसली तर तो पाव ताजा. तोच शब्द पोलिश गिऱ्हाईक ‘शिळा’ असा वाचते आणि मागे फिरते. मूळ अर्थ ‘घट्ट, कणखर’. चेक लोकांनी त्यातला टवटवीतपणा घेतला, पोलिश आणि रशियन लोकांनी वाळलेल्या पावाचा कडकपणा. पोलिशमध्ये मात्र ठणठणीत म्हाताऱ्यालाही हेच विशेषण लावतात. तिथे जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘पोझोर’ची गोष्टही अशीच. चेकमध्ये ‘सावधान’, रशियनमध्ये ‘बेअब्रू’. मूळ ‘पाहणे’. एकाने म्हटले ‘बघ, सांभाळ’, दुसऱ्याने म्हटले ‘लोक बघताहेत’. सर्बियनमध्ये त्याच मुळापासून ‘पोझोरिश्ते’, म्हणजे नाट्यगृह, झाले.

लॅटिनच्या लेकींमध्ये अर्थ फाटण्याची उदाहरणे तितकी टोकाची नसली तरी रोजच्या बोलण्यात तीच जास्त फसवतात. स्पॅनिश ‘एक्सितो’ म्हणजे यश, इंग्रजी ‘एक्झिट’ म्हणजे बाहेरची वाट. लॅटिन ‘एक्सितुस’मध्ये बाहेर पडणे आणि त्यातून निघालेली निष्पत्ती हे दोन्ही अर्थ होते. स्पॅनिशमध्ये जेवणाला ‘एक्स्किसितो’ म्हटले तर यजमानीण खूश होते. पोर्तुगीजमध्ये जवळपास तसाच लिहिला जाणारा ‘इश्किझितो’ म्हणजे विचित्र. दोन्हींच्या मुळाशी ‘शोधून काढलेले’, म्हणजे सर्वसाधारण नसलेले.

दुसरा वर्ग निव्वळ योगायोगाचा. इटालियन ‘बुर्रो’ म्हणजे लोणी, स्पॅनिश ‘बुर्रो’ म्हणजे गाढव. पहिला लॅटिन ‘बुतिरुम’वरून फ्रेंचमार्गे आला, दुसरा लहान घोड्याच्या लॅटिन नावावरून. ‘पोल्वो’ स्पॅनिशमध्ये धूळ आणि पोर्तुगीजमध्ये आठ हातांचा समुद्री जीव. यांचेही गोत्र वेगळे.

अर्थही जुळला की फसगत अधिक खोल होते, आणि इथे भल्याभल्यांचा पाय घसरतो. लॅटिन ‘देउस’ आणि ग्रीक ‘थेओस’ दोन्ही म्हणजे देव, तरी त्यांचे काही नाते नाही. ‘देउस’चा खरा नातलग आपला ‘देव’. ग्रीकांकडे त्या कुळातला शब्द शोधायचा तर तो ‘झेउस’, त्यांच्या देवांच्या राजाचे नाव. लॅटिन ‘हाबेरे’ आणि जर्मन ‘हाबेन’ दोन्ही ‘जवळ असणे’ सांगतात, पण तेही परके. हे ठरवता येते ते ध्वनिनियमांमुळे. रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये दाखवून दिले, की लॅटिनमधल्या ठराविक व्यंजनांच्या जागी जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या, भाषांत दुसरी ठराविक व्यंजने येतात. लॅटिन शब्दारंभीच्या ‘क’च्या जागी तिथे ‘ह’ येतो, त्यामुळे ‘हाबेन’चे लॅटिन भावंड ‘कापेरे’, म्हणजे पकडणे. ‘हाबेरे’चे जर्मन भावंड ‘गेबेन’, म्हणजे देणे. अर्थात वर आलेल्या ‘गिफ्ट’चेच घराणे.

कधी खोटे नाते लिहिण्यातही शिरते. इंग्रजी ‘आयलंड’मध्ये ‘स’चे अक्षर मुळात नव्हते, लॅटिनवरून आलेल्या ‘आइल’शी (त्याचाही अर्थ बेट) त्याचा संबंध असावा या समजुतीने सोळाव्या शतकात ते घुसवले गेले. उच्चारात ते कधीच उतरले नाही.

याउलट, दिसण्यात काहीच साम्य नसलेले शब्द सख्खे निघतात. मराठीतला ‘पगार’ पोर्तुगीज ‘पागार’, म्हणजे पैसे चुकते करणे, यावरून आला. इंग्रजी ‘पे’ फ्रेंचमार्गे आला. दोन्हींच्या मुळाशी लॅटिन ‘पाकारे’ आहे : शांत करणे, म्हणजे देणे चुकवून धनकोला गप्प करणे.