शिकारीची बंदूक आणि स्वसंरक्षणाचं शस्त्र: दोन वाटा कुठे फुटल्या

कुठल्या कामाला कोणती बंदूक घ्यावी असं विचारलं की उत्तरादाखल आकडे ऐकवले जातात. अमुक कॅलिबर (नळीच्या तोंडाचं माप, इंचांत किंवा मिलिमीटरमध्ये), तमुक ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) गोळी, सेकंदाला इतके फूट वेग. हे आकडे आले कुठून, ते मात्र क्वचितच कुणी सांगतं. त्यातले काही थेट लष्करी गोदामातून आले, काही बदकांमागे हिंडून वैतागलेल्या शिकाऱ्यांकडून. ताकदीवरून प्रत्येक पिढीत कडाक्याची भांडणं झाली. निकाल मात्र दरवेळी दोनच गोष्टींवर लागला: बार वेळेवर उडतो का, आणि गोळी लागते कुठे.

सुरुवातीच्या तोड्याच्या बंदुकीला सतत धुमसती वात लागायची. शिकाऱ्याच्या दृष्टीने ती अडचणच. जनावराला धुराचा वास लागायचा, पावसात वात विझायची, रात्री तिचा लाल ठिपका दुरून दिसायचा. स्वसंरक्षणासाठी तर ती निरुपयोगीच होती, कारण अंगरख्याखाली लपवायची म्हटली तर आधी अंगरखाच पेटला असता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला चाकाचा घोडा आला आणि हे चित्र पालटलं. किल्लीने स्प्रिंग आवळून ठेवायची. चाप ओढला की दातेरी चाक गरकन फिरून पायराइटच्या खड्यावर घासायचं आणि ठिणग्या रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूवर, पडायच्या. भरलेलं शस्त्र तासन्‌तास कुणाला न दिसता जवळ बाळगता येऊ लागलं ते इथून. त्याचा धसका इतका होता की सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने 1517-18 च्या सुमारास आपल्या मुलखात अशा ‘आपोआप पेटणाऱ्या’ बंदुकांवर बंदी घातली. अर्थात हे यंत्र घड्याळाइतकं नाजूक आणि तितकंच महाग असल्याने ते मुख्यतः सरदारांच्या शिकारखान्यातच राहिलं.

सर्वसामान्यांच्या हाती शस्त्र आलं ते सतराव्या शतकातल्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीमुळे. तिने पुढची दोनशे वर्षं राज्य केलं. याच काळात खिशातलं छोटं पिस्तूल आणि घोडागाडीच्या राखणदाराची रुंद तोंडाची आखूड बंदूक हे दोन प्रकार निव्वळ माणसापासून बचाव करण्यासाठी रूढ झाले. त्या रुंद तोंडामुळे छर्रे दूरवर फाकतात असा समज तेव्हा होता आणि अजूनही आहे. प्रत्यक्षात फाकण्यात फारसा फरक पडत नसे. हलत्या गाडीवर बसून दारू आणि गोळ्या ओतायला ते तोंड सोयीचं पडे, एवढंच.

चकमकीच्या बंदुकीचा खरा दोष दाखवला तो एका स्कॉटिश धर्मोपदेशकाने. ॲबर्डीनशरमधल्या बेल्हेल्वी गावचा रेव्हरंड अलेक्झांडर जॉन फोर्साइथ पाणपक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन. चाप ओढल्यावर आधी नळीबाहेरच्या रंजकाचा भपका उडतो, मग आतली दारू पेटते आणि मग छर्रे बाहेर पडतात. या दोन-तीन पायऱ्यांत डोळ्याचं पातं लवण्याइतकाच वेळ जातो, पण भपका दिसताच बदक पाण्यात बुडी मारायला तेवढाच पुरतो. हे वारंवार घडल्यावर फोर्साइथने आघाताने पेटणाऱ्या फल्मिनेट क्षारांवर प्रयोग केले आणि 1807 मध्ये पेटंट घेतलं. मधल्या काळात टॉवर ऑफ लंडनमध्ये बसून लष्करासाठी काम करण्याची संधी त्याला मिळाली होती, पण वरचा अधिकारी बदलला आणि नव्या अधिकाऱ्याने त्याला सामान उचलायला लावलं. पुढे आघाताने पेटणारा मसाला भरलेली तांब्याची टोपी आली, टोपीतून काडतूस आलं आणि काडतुसातून आजची प्रत्येक बंदूक. आधुनिक शस्त्राचा पाया युद्धापेक्षा बदकामुळे घातला गेला, असं म्हटलं तर ते अगदीच चुकीचं ठरणार नाही.

नळीतल्या पेचदार खाचांची गोष्टही अशीच. त्या पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मनभाषक मुलखात माहीत होत्या. खाचांमुळे गोळी फिरत जाते आणि सरळ जाते. पण ती खाचांत घट्ट बसवायची तर गजाने ठासावी लागते आणि त्याला वेळ लागतो. सैनिकाला तेवढी सवड नसते, शिकाऱ्याला असते. म्हणून सैन्यं अठराव्या शतकातही गुळगुळीत नळीवरच अडून राहिली. तिकडे पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेले जर्मन कारागीर लांब नळीच्या रायफली, म्हणजे अशा खाचदार नळीच्या बंदुका, बनवत होते. तेल लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळलेली गोळी त्या नळीत सुळकन उतरायची. नळीचं तोंडही त्यांनी मुद्दाम लहान ठेवलं. महिनोन्‌महिने जंगलात राहणाऱ्याला शिसं आणि दारू पाठीवरून वाहावी लागते, तेव्हा लहान गोळी परवडते. कॅलिबर निवडण्याची इतकी शहाणी कारणं नंतरच्या काळात फारशी सापडत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वाटा खऱ्या अर्थाने फुटल्या. सॅम्युअल कोल्टने 1836 मध्ये फिरत्या चेंबरच्या (बार भरायच्या खोबणीच्या) पिस्तुलाचं अमेरिकेत पेटंट घेतलं. स्मिथ अँड वेसनने 1857 मध्ये धातूच्या काडतुसाचं .22 चं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. पाठीमागून काडतूस भरण्याचं पेटंट रोलिन व्हाइटच्या नावावर होतं, त्यामुळे ते 1869 मध्ये संपेपर्यंत बाकीच्यांना थांबावं लागलं. मग 1873 साली कोल्टचं प्रसिद्ध सहाबारी आलं. सहाबारी म्हणायचं, पण जाणता माणूस त्यात पाचच काडतुसं भरायचा. घोडा (काडतुसावर आपटणारा हातोडीसारखा भाग) खाली असताना त्याची टोकदार सुई थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेली असायची. पिस्तूल हातातून निसटून घोड्यावर आपटलं की बार. म्हणून घोड्याखालचा चेंबर रिकामा ठेवण्याचा रिवाज पडला. हा दोष यंत्राने दूर करण्याचे प्रयत्न 1890 च्या दशकात सुरू झाले: घोडा आणि सुई यांच्यामध्ये एक पट्टी, जी चाप पूर्ण ओढल्याशिवाय वर येतच नाही. तरी जुन्या घडणीची रिव्हॉल्व्हरं कित्येक दशकं बनत राहिली. रुगर कंपनीने आपल्या सिंगल ॲक्शन (दर बाराला घोडा हाताने मागे ओढायच्या) रिव्हॉल्व्हरांत ही पट्टी घातली ती 1973 मध्ये. शिकारीची रायफल निम्म्याहून अधिक आयुष्य पेटीत काढते. स्वसंरक्षणाचं शस्त्र भरलेल्या अवस्थेत कमरेला किंवा उशाशी असतं. त्यामुळे या दुसऱ्या जातीच्या शस्त्राचा इतिहास म्हणजे बराचसा नको तेव्हा न उडण्याचा इतिहास आहे.

फ्रान्सच्या पॉल व्हिएलने 1884 मध्ये धूरविरहित दारू तयार केली आणि सगळी गणितं बदलली. काळ्या दारूच्या धुराने पहिल्या बारानंतर समोरचं काही दिसत नसे. ती अडचण गेली. वेग इतका वाढला की नुसत्या शिशाची गोळी खाचांत सोलून निघू लागली, म्हणून तिला तांब्याचं कवच घालावं लागलं. कवचाची गोळी मात्र जनावरातून सुईसारखी आरपार निघून जायची आणि जखमी जनावर मैलभर पळायचं. टोकाला शिसं उघडं ठेवलं की गोळी आत गेल्यावर फुलते, हे कलकत्त्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यात बनलेल्या गोळ्यांमुळे सगळ्या जगाला कळलं. 1899 च्या हेग घोषणेने अशा गोळ्या युद्धात वर्ज्य ठरवल्या. याउलट इंग्लंडच्या कायद्यात हरणावर रायफल चालवायची तर फुलणारीच गोळी वापरावी लागते, कारण ती लवकर मारते. जी गोळी रणांगणावर क्रूर ठरली, तीच शिकारीत दयेची मानली गेली. स्वसंरक्षणातही पोकळ टोकाची गोळी पसंत केली जाते ती याच कारणाने. शिवाय ती माणसातून आरपार जाऊन मागच्या भलत्याच कुणाला लागण्याची भीती कमी असते.

फुलणाऱ्या गोळीचीही खोड निघाली. वेग वाढला तसा ती वरच फुटून तुकडे व्हायची. 1946 मध्ये जॉन नॉस्लर हा अमेरिकन शिकारी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर (हरणाच्या जातीच्या अवाढव्य जनावरावर) गोळ्या झाडत राहिला, पण त्या जनावराच्या अंगावर वाळलेल्या चिखलाच्या थरातच फुटून गेल्या. त्याने मग मधोमध तांब्याची आडभिंत असलेली गोळी घडवली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. आज जास्त पैसे मोजून घेतल्या जाणाऱ्या शिकारी गोळ्या बहुतेक याच विचाराची लेकरं आहेत.

आता कॅलिबरच्या भांडणाकडे. इंग्रज शिकारी आफ्रिका-हिंदुस्थानात .450 नायट्रो एक्सप्रेससारखी दुनळी रायफल घेऊन जात. 1907 मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान आणि सुदानात .450 च्या काडतुसांना बंदी केली, कारण त्यातली सामग्री बंडखोरांकडच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना लागू पडेल अशी धास्ती होती. बंदूकवाल्यांनी लगेच .465, .470, .475 अशी भावंडं बाजारात आणली. आज .470 चे गोडवे गाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की तिचा जन्म हत्तीसाठी नव्हे, एका सरकारी हुकुमाला वळसा घालण्यासाठी झाला? त्याच सुमारास डब्ल्यू. डी. एम. बेल नावाचा स्कॉटिश शिकारी 7 मिलिमीटरच्या हलक्या रायफलीने हत्ती पाडत होता. त्याने एकूण हजाराहून अधिक हत्ती मारले. आज तो आकडा वाचवत नाही. पण हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासून नेमका मेंदू गाठणाऱ्याला मोठ्या तोंडाची गरज पडली नाही, हे त्याने निर्विवाद दाखवलं.

पिस्तुलांच्या बाबतीत हाच वाद जास्त रक्तरंजित झाला. फिलिपिन्समध्ये .38 चं रिव्हॉल्व्हर धावून येणाऱ्या मोरो (तिथल्या स्थानिक मुस्लिम) योद्ध्यांना थोपवत नाही अशा तक्रारी आल्या. अमेरिकन सैन्याने 1904 मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांकडून शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर, तसंच माणसांच्या मृतदेहांवर चाचण्या करवल्या. चाचण्या मोजक्या होत्या आणि निष्कर्ष विस्कळीत होते, तरी शिफारस ठाम निघाली: .45 पेक्षा कमी नको. त्यातूनच 1911 चं प्रसिद्ध पिस्तूल घडलं आणि पुढचं शतकभर लोक त्या चाचण्यांचा दाखला देत राहिले. 11 एप्रिल 1986 ला मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचे दोन अधिकारी ठार आणि पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच 9 मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत लागली होती, पण ती हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो लढत राहिला. एफबीआयने मग चाचणीसाठी शरीराच्या जागी वापरायच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान 12 आणि जास्तीत जास्त 18 इंच शिरण्याचा निकष घातला, आधी 10 मिलिमीटर आणि मग .40 कॅलिबर स्वीकारलं, आणि 2010 च्या दशकात पुन्हा 9 मिलिमीटरवर परतली. गोळ्यांची घडण तोवर सुधारली होती, धक्का कमी होता, आणि बहुतेक जण तिने जास्त नेमके बार काढत होते.

छऱ्याच्या बंदुकीचं अंकगणित वेगळं. बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. तोंड साधारण 18.5 मिलिमीटर. तिच्यातली मोठी सुधारणा म्हणजे चोक, नळीचं टोक किंचित आवळणं. न्यूकॅसलच्या पेप या बंदूक कारागिराने 1866 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, अमेरिकेत बदकांचा शिकारी फ्रेड किंबल याचंही नाव त्यासाठी घेतात, पण इंग्लंडला ते पटलं 1875 च्या लंडनमधल्या जाहीर चाचण्यांत, जिथे ग्रीनर या बंदूक कारागिराच्या चोकवाल्या नळ्यांनी साध्या नळ्यांवर मात केली. 40 यार्डांवर 30 इंच व्यासाच्या वर्तुळात साध्या नळीचे सुमारे 40 टक्के छर्रे पडतात, पूर्ण चोकचे 70 च्या आसपास. उंच उडणाऱ्या बदकाला हे वरदान, झुडपातून भुर्रकन उठणाऱ्या तितराला मात्र गैरसोय. आजच्या फिरवून बदलायच्या चोकने ती निवड खिशात आणून ठेवली.

जोडसाहित्याने जितका फरक पडला तितका कॅलिबरने पडला नाही, असं माझं मत आहे. बंदुकीवर बसवायची दुर्बीण एकोणिसाव्या शतकातही होती, पण ती धुक्यात आतून झाकोळायची. 1940 च्या दशकाच्या अखेरीस लुपोल्ड या अमेरिकन कंपनीने दुर्बिणीच्या नळीत नायट्रोजन भरला, तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवता येऊ लागला. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने 1975 मध्ये लाल ठिपक्याची, नेम धरण्याची इलेक्ट्रॉनिक काच आणली. नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच जुळवण्याऐवजी ठिपका सावजावर आला की झालं. हायरम पर्सी मॅक्सिमने 1909 मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं. अमेरिकेने 1934 च्या कायद्यात त्यावर 200 डॉलर कर लावला, तर नॉर्वे आणि फिनलंडमध्ये तो शिकाऱ्याच्या कानांची काळजी म्हणून सर्रास वापरला जातो. नावाप्रमाणे तो आवाज गिळत नाही; 160 डेसिबलचा बार 130 वर आणतो, इतकंच. आणि 1982 मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने घेतलेल्या ग्लॉकसारख्या पिस्तुलांना हाताने लावायचा वेगळा खटका नसतो, त्यामुळे चाप पूर्ण झाकणारं ताठ होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) हाच शस्त्राचा अर्धा सुरक्षा-भाग बनला. महाग पिस्तुलाला ढिली कापडी पिशवी लावणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

सध्या निवडीला वळण देतोय तो शिशाचा प्रश्न. पाणथळीत पडलेले छर्रे खडे समजून गिळणारी बदकं विषबाधेने मरतात. अमेरिकेने 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले, डेन्मार्कने 1996 मध्ये ते पूर्णच बंद केले, आणि युरोपीय संघात पाणथळ जागी ते 2023 पासून चालत नाहीत. पोलादाची घनता 7.8, शिशाची 11.3. त्यामुळे पोलादी छर्रा दोन आकडे मोठा घ्यावा लागतो, जास्त वेगाने झाडावा लागतो, आणि तो शिशासारखा दबत नाही. घट्ट चोकच्या जुन्या दुनळीतून तो झाडला तर नळीचं टोक फुगू शकतं. अशा बंदुकीसाठी बिस्मथ या धातूचे मऊ छर्रे मिळतात, पण त्यांची किंमत कितीतरी जास्त असते. नाहीतर बंदूकवाल्याकडून चोक मोकळा करून घ्यावा लागतो.