पाच मिलिव्होल्टचं गाणं आणि डिम झालेली लाईन

एलपी रेकॉर्डच्या खाचेतून मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई आणि तिच्यासोबत हलणारं चुंबक असलेला टर्नटेबलचा भाग) जेमतेम 5 मिलिव्होल्टचा सिग्नल काढतं. अॅम्प्लिफायरला मात्र काहीशे मिलिव्होल्ट लागतात. मधलं वाढवायचं काम एका छोट्या डबीचं, म्हणजे फोनो प्रीअॅम्पचं. जुन्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेयरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. त्याचा आवाज मुळातच दणकट, म्हणून तिथे या डबीची गरज पडत नसे.

नुसता आवाज वाढवून भागत नाही. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाच शेजारच्या खाचेत घुसेल. वरचे सूर उचलतात, म्हणजे खरखर त्यांच्याखाली दबते. हे प्रमाण 1954 मध्ये आरआयएए या अमेरिकी संघटनेने ठरवून दिलं. प्रीअॅम्पला नेमकं उलटं करावं लागतं: 1000 हर्ट्झचा सूर 100 पट वाढवला, तर 10000 हर्ट्झचा साधारण 20 पट आणि 50 हर्ट्झचा तब्बल 700 पट.

आणि आपली वीजही 50 हर्ट्झचीच! जिथे लाईन गुणगुणते, तिथेच या यंत्राचे कान सगळ्यात तिखट. म्हणून कोणती आयसी (सिग्नल वाढवणारी चिप) चांगली यावर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांचं मला नवल वाटतं. एनई5532 ही स्वस्त आयसी पुरते. पैसे आणि डोकं पॉवर सप्लायवर घालवावं, त्यातही गावात.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पंपांच्या मोटारी सुरू झाल्या आणि घर डीपीपासून (वस्तीच्या वीज ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असलं, की 230 व्होल्टचे 170 व्हायला वेळ लागत नाही. पुस्तकातली सर्किटं सहसा 15-0-15 चा (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना 15 व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर आणि अधिक-उणे 15 व्होल्ट स्थिर ठेवणारे 7815, 7915 हे रेग्युलेटर सुचवतात. आता हिशेब करा. लाईन 170 वर आली की 15 चे 11 व्होल्ट उरतात. त्यांचं शिखर साडेपंधरा, त्यातला साधारण एक व्होल्ट ब्रिजचा (एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरचा) डायोड खातो, राहिले साडेचौदा. रेग्युलेटरला 15 व्होल्ट बाहेर द्यायला आत किमान 17 लागतात. तो हात टेकतो आणि 50 हर्ट्झच्या एसीची डीसी करताना उरलेली दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झची लहर सरळ आयसीपर्यंत पोचते. संध्याकाळी हम (लाईनची गुणगुण) आणि मध्यरात्री शांतता, हे कोडं बऱ्याचदा एवढ्यावरच सुटतं.

उपाय स्वस्त आहे. ट्रान्सफॉर्मर 18-0-18 चा घ्या, रेग्युलेटर अधिक-उणे 12 व्होल्टचे 7812 आणि 7912. लाईन 170 वर असतानाही आत पावणेअठराच्या आसपास मिळतात, लागतात 14. मोटारी बंद होऊन लाईन 250 वर चढली तरी रेग्युलेटरच्या 35 व्होल्टच्या मर्यादेत राहतं. एनई5532 ला दोन्ही बाजूंनी 12 व्होल्ट भरपूर होतात. कंडेन्सर 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे निवडा. पत्र्याच्या छपराखालच्या मे महिन्यात 85 वाले लवकर सुकतात.

एवढं करूनही हम आला तर कान लावा. 100 हर्ट्झचा सूर 50 च्या बरोबर एक सप्तक वर असतो. वरचा ऐकू आला तर दोष रेक्टिफायर-कंडेन्सरकडे. खालचा असेल तर टर्नटेबल थांबवून, अॅम्प्लिफायर चालू ठेवून, फक्त प्रीअॅम्पचं सॉकेटवरचं बटण बंद करा; प्लग काढू नका, नाहीतर अर्थही सुटतो. कंडेन्सरमधल्या साठ्यावर तो सेकंद-दोन सेकंद चालतो. बटण बंद होताक्षणी हम गेला तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आत शिरतंय: त्याला वेगळ्या डब्यात हातभर लांब ठेवा. रेंगाळला तर अर्थचा वळसा शोधा, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडली गेलेली जागा.

पण हम घालवायला प्लगची अर्थ पिन तोडणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका. धातूचा डबा अर्थलाच जोडलेला ठेवा, आणि सिग्नलची ग्राउंड त्याला 10 ओहमच्या रेझिस्टरमधून जोडा. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळईला सोडते. मीठ-कोळसा घातलेला खड्डा असला तरी त्यात तेव्हा अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं.