चिंता आणि उच्च रक्तदाब
मनातील काळजी किंवा भीती आणि धमन्यांतील रक्ताचा वाढलेला दाब यांच्यातील संबंध. बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकातील सीमाभागात मराठी माणूस काळजीला ‘टेन्शन’ म्हणतो. त्यामुळे ‘हायपरटेन्शन’ म्हणजे फार काळजी केल्याने जडणारा विकार, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या शब्दातील ताण रक्तवाहिन्यांतला आहे, मनातला नव्हे. मराठीतील ‘रक्तदाब’ आणि कन्नडमधील ‘रक्तदोत्तड’ हे शब्द त्या मानाने कितीतरी नेमके आहेत.

घाबरल्यावर अनुकंपी तंत्रिका तंत्र (संकटात शरीराला सज्ज करणारी मज्जासंस्था) उद्दीपित होते, अधिवृक्क ग्रंथींतून (मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रेनल ग्रंथींतून) अ‍ॅड्रेनॅलीन हे संप्रेरक स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात व लहान धमन्या आकसतात. म्हणून दाब काही मिनिटांत चढतो आणि भीती ओसरली की उतरतो. दीर्घकाळ चिंताग्रस्त असलेल्यांत उच्च रक्तदाब काहीसा अधिक आढळतो, तरी वय, आनुवंशिकता, वजन, मीठ व मद्य यांचा वाटा विसरता येत नाही. चिंतेचा अप्रत्यक्ष परिणामही मोठा आहे : झोप मोडते, व्यसन वाढते. तंबाखूच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या निपाणीच्या परिसरात तर हे विशेष ध्यानात घ्यावे लागते, कारण टेन्शन घालवण्यासाठी दाढेखाली धरलेल्या तंबाखूतील निकोटिन दाब तात्पुरता चढवतेच.

काहींचा दाब केवळ दवाखान्यात वाढलेला दिसतो. वयस्कर मराठी रुग्णाला कन्नडमधील अर्ज आणि अपरिचित भाषेतील प्रश्न यांचीच धास्ती वाटू शकते. म्हणून मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळून, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीत ठेवून व न बोलता दाब मोजतात. प्रौढांत दवाखान्यातील १४०/९० किंवा घरातील १३५/८५ मिमी पारा आणि त्यावरील दाब वारंवार आढळल्यास तो सामान्यतः उच्च मानतात. धडधड, घाम व डोकेदुखीचे झटके वारंवार येत असतील, तर अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा विकार किंवा अधिवृक्क ग्रंथीतील क्वचित आढळणारी गाठ यांचीही तपासणी करावी लागते.

छातीतील धडधड आणि हातांना सुटणारा घाम ही बहुधा चिंतेची लक्षणे असतात. उच्च रक्तदाबाला बहुतेकदा लक्षणेच नसतात. ‘सुगी आटोपली, पोरीचं लग्न झालं, आता टेन्शन नाही’ असे म्हणून गोळी परस्पर बंद करणे याच गोंधळातून घडते. मन हलके झालेले असते, पण दाब पुन्हा चढून मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांना इजा करत राहतो.