टॅबलेट नेला की व्हेंटिलेटर बंद पडतं, हे खरं नाही

नागपुरात धंतोली, रामदासपेठेतल्या आयसीयूत अजूनही हेच ऐकू येते, पेशंटजवळ टॅबलेट (गोळी नाही, टचस्क्रीनचा छोटा कॉम्प्युटर) नेला की व्हेंटिलेटर बंद पडतं म्हणून. मग सिस्टर बेडजवळ बीपी कागदावर लिहून राहिल्या आणि काउंटरवर येऊन तेच परत कॉम्प्युटरमध्ये टाकून राहिल्या, डबल काम, आणि आकडा इकडचा तिकडे व्हायची भीती वेगळीच.

ही गोष्ट आली जुन्या २जी फोनमुळे. ते २ वॅटपर्यंत सिग्नल फेकायचे, जुन्या मशीनना त्याचा त्रास खरंच होऊ शकायचा. वाय-फायवरचा टॅबलेट साधारण ०.१ वॅट किंवा कमीच, आणि अंतर वाढलं की जोर झपाट्यानं उतरतो. शिवाय २०१४ मध्ये आयईसी ६०६०१-१-२ या वैद्यकीय मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकाची चौथी आवृत्ती आली, त्यात वायरलेस वस्तू ३० सेंटीमीटरवर असू शकते असं धरूनच मशीन तपासतात. मशीन त्याहून जुनी असेल तर मीटरभर दूर राहा, आणि टॅबलेट व्हेंटिलेटरवर ठेवू तर नकाच.

टॅबलेट घेताना खरं पाहायचं ते पुसणं, बाप्पा! त्यावर आयपी६५ लिहिलं म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत जात नाही एवढंच, अल्कोहोलचा त्यात काही संबंध नाही. ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं दर पेशंटनंतर पुसलं तर चालेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या. ग्लोव्हज घालून टच चालतो का, एका हातात पेलतो का, नाइट ड्युटीभर बॅटरी टिकते का, हे खरेदी विभागानं नाही, सिस्टरनं वॉर्डात वापरून सांगावं.