दम अंगचा की कमावलेला? उंदरांच्या दोन घराण्यांची पार्श्वभूमी

सिद्धेश्वर यात्रेआधी नंदीध्वजांचा सराव सुरू झाला की सोलापुरात एक विषय निघतोच. तो उंच, जड ध्वज ६८ लिंगांच्या वाटेवर तोलत नेणाऱ्याचा दम येतो कुठून? ध्वजाचा मान घराण्याकडे वारशाने येतो, त्यात वाद नाही. दमाबद्दल मात्र दोन तट पडतात. कुणी म्हणतं रक्तातच असावा लागतो, कुणी म्हणतं सगळी सरावाची कमाई. शरीरशास्त्रातही हे दोन तट गेली कित्येक दशकं आहेत, आणि त्यांचा निवाडा करायला शेवटी उंदीर पळवावे लागले.

सुरुवात लंडनच्या दुमजली बसमध्ये झाली. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. व्यायामाचं महत्त्व सांगणारे हा दाखला आजही देतात. पुढचा भाग ते सहसा सांगत नाहीत, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. १९५६ साली मॉरिस यांच्याच गटाने बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं तपासली. तरुण ड्रायव्हरांच्या विजारीसुद्धा कंडक्टरांपेक्षा कंबरेत रुंद निघाल्या. म्हणजे काही फरक नोकरीने केला नसावा, माणसं तो सोबत घेऊनच कामावर आली असावीत.

आपल्याकडे अशी जोडी शोधायला लांब जायला नको. पॉवरलूमच्या कारखान्यात मागांमधून पाळीभर येरझाऱ्या घालणारा कामगार आणि गादीवर बसून हिशेब लिहिणारा मुनीम शेजारीशेजारीच असतात. पण मागावर टिकला तो मुळातच काटक होता, की मागाने त्याला काटक केलं? निव्वळ पाहणी करून हे सुटत नाही. माणसांची लग्नं, जेवण आणि पोटापाण्याचं काम काही संशोधकाच्या मर्जीने ठरत नाही.

सरावाच्या बाजूचा भक्कम पुरावा १९६७ साली आला. अमेरिकेत सेंट लुईस इथे जॉन हॉलोझी यांनी उंदरांना ट्रेडमिलवर पळवलं आणि वेळ वाढवत वाढवत रोज दोन तासांपर्यंत नेला. त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकाँड्रियांची, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या पेशीतल्या घटकांची, क्षमता जवळजवळ दुप्पट झाली.

वारशाची बाजू माणसांत तपासली ती १९९०च्या दशकातल्या ‘हेरिटेज’ या अभ्यासाने. क्लॉड बुशार यांच्या गटाने बैठं आयुष्य असलेल्या कुटुंबांकडून २० आठवडे सारखाच व्यायाम करून घेतला. काहींचा दम भरपूर वाढला, काहींचा जेमतेम. एकाच घरातल्या माणसांचे आकडे मात्र एकमेकांच्या जवळ होते. हिशेब निघाला तो असा, की व्यायामाने होणाऱ्या वाढीतला जवळपास निम्मा फरक घराण्यातून येतो.

तरीही एका घरात जनुकांबरोबर ताटही एकच असतं. ही गाठ सोडवण्याचं काम लॉरेन कॉख आणि स्टीव्हन ब्रिटन यांनी १९९६ साली ओहायो राज्यातल्या टोलेडोत हाती घेतलं. आठ वेगवेगळ्या जातींच्या संकरातून तयार केलेले उंदीर त्यांनी घेतले, म्हणजे जनुकांची सरमिसळ आधीच झालेली होती. परीक्षा साधी होती. १५ अंश चढाचा ट्रेडमिल, सुरुवातीला मिनिटाला १० मीटर वेग, दर दोन मिनिटांनी एक मीटर वाढ. उंदीर थकून थांबेपर्यंत किती अंतर गेला ते मोजायचं, पाच दिवस परीक्षा घ्यायची आणि सर्वांत चांगला दिवस धरायचा. सर्वांत जास्त पळालेले १३ नर आणि १३ माद्या एका घराण्यात, सर्वांत कमी पळालेले तेवढेच दुसऱ्यात. जवळच्या नात्यात जोड्या जुळू नयेत म्हणून फिरती पद्धत ठेवली. यातली खरी गोम ही, की परीक्षेपलीकडे या उंदरांना पळण्याचा सराव दिलाच नाही. जो फरक दिसेल तो उपजत.

अकराव्या पिढीपर्यंत दोन घराण्यांच्या पळण्यातला फरक ३४७ टक्के झाला. २००५ साली नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे उलरिक विसलॉफ आणि कॉख-ब्रिटन यांनी ‘सायन्स’मध्ये हे मांडलं, तेव्हा गाजलं ते दुसरंच. निवड फक्त पळण्याची केली होती. रक्तदाब, पोटाची चरबी, इन्सुलिन, रक्तातले ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबी) यांच्याकडे पाहून एकही जोडी लावली नव्हती. तरी कमी दमाच्या घराण्यात ही सगळी दुखणी एकदम जमा झाली, आणि त्यांच्या स्नायूंत ऊर्जानिर्मितीची प्रथिनंही कमी निघाली. २००९ साली याच घराण्याचं यकृत लवकर चरबी साठवतं असं दिसलं. २०११च्या अहवालात त्यांचं सरासरी आयुष्य २८ ते ४५ टक्के कमी भरलं.

मग व्यायामाला अर्थ उरतो का? उरतो. २००९ मध्येच ट्रॉन्डहाइमला कमी दमाच्या उंदरांना आठ आठवडे पळवलं. थांबून थांबून जोरात पळणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता ४५ टक्क्यांनी वाढली, संथ आणि सलग पळणाऱ्यांची १० टक्क्यांनी. रक्तदाबही पहिल्या गटात जास्त उतरला. पण सराव सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, हेही कॉख आणि ब्रिटन यांनीच दाखवलं. त्यांनी व्यायामाला प्रतिसाद देणारे आणि न देणारे अशी आणखी दोन घराणी वाढवली. २०१३च्या अहवालात १५ पिढ्यांनंतर तोच सराव करून एका घराण्याचं पळण्याचं अंतर सरासरी २००हून जास्त मीटरने वाढलं होतं, दुसऱ्याचं उलट घटलं होतं.

सर्वांत अडचणीचा निष्कर्ष फिनलंडच्या युवास्कुला विद्यापीठाशी निगडित गटाने २०१५ साली मांडला. उपजत दमाचे उंदीर पिंजऱ्यात चाक ठेवलं तर आपणहून जास्त पळतात, म्हणजे दमाबरोबर पळण्याची ओढही वारशात येते. पण मोठ्या वयात उंदरांना चाक देऊन त्यांचं आयुष्य लांबलं नाही. याच अहवालात एकसारख्या जुळ्यांच्या जोड्याही तपासल्या होत्या, एक व्यायाम करणारा आणि दुसरा न करणारा. त्यांच्या आयुष्याच्या लांबीतही व्यायामाचा फायदा दिसला नाही.