माल कुणी भरला आणि गुन्हा कुणावर?

सळयांचा ट्रक वळणावर कलंडला की पोलिसांत पहिलं नाव जातं ड्रायव्हरचं. माल भरलेला असतो गोदामातल्या हमालांनी, माल पाठवणाऱ्याच्या माणसासमोर. ड्रायव्हरच्या हातात बिल्टी, म्हणजे माल कुणी कुणाला पाठवला त्याचा कागद, पडते आणि वरून ताडपत्री ओढून रस्सी आवळायचं काम.

१८६५चा वाहक कायदा मालधन्याच्या सोयीचा होता. माल बुडाला तर हुंडेकऱ्याचा, म्हणजे माल वाहून नेणाऱ्याचा, हलगर्जीपणा सिद्ध करायची गरज त्याला नव्हती. त्याच मालाखाली वाटसरू सापडला, तर वारसांना मात्र चूक दाखवून द्यावी लागे. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टी विम्याची, म्हणजे गाडीमुळे तिऱ्हाइताला झालेल्या नुकसानीच्या विम्याची, सक्ती आली, तरी हे ओझं वारसांवरच राहिलं. ते थोडं हललं १९८२च्या दुरुस्तीने: चूक कुणाची हे न विचारता मृत्यूला १५,००० रुपये.

या तरतुदीचा कस लागला सातारा जिल्ह्यात. २९ ऑक्टोबर १९८७च्या पहाटे कवठे गावाजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर आणि कांद्याचा ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याखाली आडवा झाला, पेट्रोल गळत राहिलं, लोक गोळा झाले. काही तासांनी स्फोट झाला आणि माणसं गेली. विमा कंपनीचं म्हणणं असं की टँकर तर उभाही नव्हता, मग हा वाहनाच्या वापरातून झालेला अपघात कसा? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. धडक, गळती आणि स्फोट यांची साखळी एकच मानली. गाडी थांबली तरी तिच्यातल्या मालाची जबाबदारी थांबत नाही, हे तिथे पक्कं झालं.

दंडाच्या बाजूला मात्र सगळा जोर वजनावर. राज्यं जादा भाराचा दंड घेऊन गाडी तशीच पुढे सोडत. परमजित भसीन खटल्यात २००५ साली न्यायालयाने हा धंदा बंद पाडला. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलता कामा नये, असं बजावलं. २०१८ मध्ये केंद्राने पासिंगच, म्हणजे मालासकट गाडीच्या वजनाची कायदेशीर मर्यादाच, वाढवली: दोन एक्सलच्या ट्रकला १६.२ टनांवरून १८.५ टन. कालचा ओव्हरलोड आज कायदेशीर, हेही आपल्याकडेच! पुढच्याच वर्षी मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड २,००० वरून २०,००० वर गेला, वर प्रत्येक जादा टनाला १,००० ऐवजी २,०००. म्हणजे पाच टन जादा भरले तर पूर्वी ७,००० रुपये, आता ३०,०००. बॉडीबाहेर आलेल्या मालालाही २०,०००चा दंड याच दुरुस्तीने लागला.

या दंडाचं कलम, १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १९४, चालवणाऱ्याला धरतं, तसंच चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही. म्हणजे माल पाठवणारा त्यात बसवता येतो. बसवला क्वचितच जातो. जादा वजनाला वजनकाट्याची पावती पुरावा असते. वजन पासिंगमध्ये आहे, पण सगळा भार एका बाजूला लावलाय किंवा सळया नीट आवळलेल्याच नाहीत, याची पावती कुठल्याच काट्यावर मिळत नाही. मग भरपाईच्या दाव्यात सामनेवाले म्हणून ड्रायव्हर, गाडीमालक आणि विमा कंपनी एवढेच येतात. माल पाठवणाऱ्याचं नाव बिल्टीवर छापलेलं असूनही त्याला पक्षकार करायचं सहसा कुणाच्या मनात येत नाही.